हजेरीत पहिली, वाक्यात शेवटी

नातीनं वही माझ्यासमोर धरली तेव्हा मी भाकरी थापत होते. इंग्रजीच्या तासाला 'माझा रविवार' या विषयावर पाच वाक्यं लिहायची होती. तिचं पहिलंच वाक्य होतं, 'आय अँड माय ग्रँडमदर वेन्ट टू द मार्केट.' त्यातल्या 'आय'भोवती लाल गोल होता आणि त्या गोलातून निघालेला बाण 'ग्रँडमदर'ला वळसा घालून तिच्या पाठीमागे जाऊन थांबला होता. समासात लिहिलं होतं, अर्धा गुण वजा. "आजी, मंडईत आपण दोघी गेलो होतो ना? पिशवी मी धरली होती ना? मग मला मागं का ढकललं?" माझे हात पिठात. मी म्हणाले, "अगं, इंग्रजीत तसा नियम आहे." ती हलली नाही. "आणि हजेरीत माझा नंबर रोज पहिला येतो. तिथं तर मी काहीच केलेलं नसतं. तो पण नियम का?" तवा तापून धुरावला होता. भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाले, "हो, तो पण नियमच." तिनं वही मिटून दप्तरात कोंबली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त मान हलवली, मोठ्या माणसांकडून एवढंच मिळायचं हे आधीच ठाऊक असल्यासारखी.

ते मला लागलं.

एकोणतीस वर्षं मी साताऱ्यातल्या एका वाचनालयात काम केलं. माझं सगळं काम क्रमाचंच होतं. कुठलं पुस्तक कुणाच्या शेजारी उभं राहणार, कुठलं कार्ड कुठल्या कार्डाच्या मागे जाणार, हेच दिवसभर. दाराशी येऊन कुणी काही विचारलं तर त्याला नुसतं 'नाही' म्हणून परत पाठवायचं नाही, निदान कुठल्या कपाटाकडे जावं एवढं तरी सांगायचं, हे मला तिथल्या थोरल्या ग्रंथपालबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि घरातल्या मुलीनं रांगेबद्दलचे दोन खरे प्रश्न विचारले, तर मी तिला 'नियम' हा एक शब्द देऊन वाटेला लावलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो लाल बाण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे यायला लागला.

त्या रविवारी खरंच तिनंच मला नेलं होतं. श्रावणातली झड होती, राजवाड्याकडे उतरणारा रस्ता निसरडा झालेला, आणि माझा गुडघा धड नव्हता. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून ती पुढे चालत होती. मंडईत ओल्या पोत्यांचा आणि चिरडलेल्या कोथिंबिरीचा मिळून एक वास असतो, तो पावसात जास्त दाटतो. करटुली आली होती. "पावशेर कशी?" हा प्रश्न माझ्याआधी तिनं विचारला, आणि बाईनं भाव सांगितल्यावर माझ्याकडे वळून भुवई उडवली, अगदी माझीच भुवई. असं असल्यावर घरी येऊन कुणी लिहायला बसलं तर 'मी आणि आजी' असंच लिहिणार. जिनं नेलं ती आधी, जिला नेलं ती नंतर.

मराठीत या वाक्याला कुणी हात लावला नसता. 'मी आणि आजी मंडईत गेलो' म्हणा, 'आजी आणि मी मंडईत गेलो' म्हणा, तो 'गेलो' दोघींना सारखाच कवेत घेतो. फार तर एखादे आजोबा म्हणतील, 'थोरल्यांचं नाव आधी घ्यावं गं,' पण ते वळणाचं झालं, व्याकरणाचं नाही. आणि खरं सांगायचं तर इंग्रजीतही ते वळणाचंच आहे. 'आय अँड माय ग्रँडमदर' या शब्दांत व्याकरणाची चूक एकही नाही. कर्त्याच्या जागी कर्त्याचंच रूप आलेलं आहे. फक्त दुसऱ्याचं नाव आधी घ्यावं आणि आपण मागे राहावं, हा त्या भाषेतला सभ्यपणा. सभ्यपणा शिकवायला माझी ना नाही, उलट तो शिकवावाच. पण तो चुकीच्या खुणेनं आणि अर्ध्या गुणानं शिकवला की मुलाला वाटतं आपण भाषा चुकलो. तिच्या बाईंचा दोषही मी धरत नाही. एका वर्गात एवढ्या वह्या, तपासायला वेळ तेवढाच, आणि त्यांनाही लहानपणी असाच एक लाल बाण मिळाला असणार.

मला तो नियम आकड्यांत पाठ आहे, कारण आमच्या दादानं तो बँकेच्या परीक्षेसाठी ओसरीवर फेऱ्या मारत घोकला होता. दोन-तीन-एक. आधी 'यू', मग 'ही', शेवटी 'आय'. दिवा जायचा, कंदील लागायचा, आणि अंधारातून दादाचा आवाज यायचा, दोन-तीन-एक, दोन-तीन-एक. मी तेव्हा पाचवीत असेन, मला ते गाडीचा नंबर वाटायचे. पण त्याच्या क्लासच्या वहीत त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, आणि ती मी अजून विसरले नाही. चूक कबूल करायची असेल तर क्रम उलटा, एक-दोन-तीन. आधी 'आय', मग 'यू', मग 'ही'. चांगल्या कामात स्वतःला शेवटी ठेवायचं आणि अपराधात सर्वांत पुढे उभं करायचं. परीक्षेच्या युक्त्यांच्या वहीत, नफा-तोट्याच्या गणितांच्या शेजारी, ही गोष्ट अशी सहज लिहिलेली होती.

त्याच वर्षी उन्हाळ्यात लोणच्याची बरणी फुटली. मोठी चिनीमातीची, पिवळ्या गळ्याची, आजीच्या माहेरून आलेली. माळ्यावर आम्ही तिघं चढलो होतो, मावसबहीण, बाळू आणि मी. फोड काढायला हात मी घातला होता. बरणी खाली आली तो आवाज, आणि नंतर शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरत गेलेलं लाल तेल, मेथीचा आणि हिंगाचा उग्र वास. आईनं दारातून विचारलं, "कुणी?" आणि मी म्हणाले, "सुमीनं, बाळूनं आणि मी." खोटं काही बोलले नव्हते. तिघांची नावं घेतली होती, त्यात माझंही होतं. पण ते शेवटी ठेवलं होतं. आईनं एकदा माझ्या तेलकट कोपराकडे पाहिलं आणि काही न बोलता राख आणायला गेली. दादा ओसरीवर होता. त्यानं पुस्तकातून मान वर केली नाही. पण त्या रात्री त्याचं दोन-तीन-एक ऐकताना मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं होतं.

संस्कृतकडे मी उशिरा वळले, नोकरीत असताना, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन. तिथं पहिल्याच आठवड्यात अडखळले ती याच जागी. शाळेत आम्ही शिकलो होतो की प्रथम पुरुष म्हणजे मी, द्वितीय म्हणजे तू, तृतीय म्हणजे तो. पाणिनीच्या घरी उलटं. तिथं प्रथम पुरुष म्हणजे 'तो', मध्यम म्हणजे 'तू', आणि 'मी' हा उत्तम पुरुष. पठति, पठसि, पठामि. शिकवणारे गुरुजी म्हणाले, उत्तम म्हणजे इथं चांगला नव्हे, उत्तम म्हणजे सगळ्यांत शेवटचा. मला एकदम ओसरी आठवली. दादाच्या वहीतला साहेबांचा नियम आणि ही इतकी जुनी मांडणी, दोघांनीही 'मी'ला एकाच जागी, रांगेच्या टोकाला नेऊन बसवलं होतं. फक्त संस्कृतनं त्या टोकाला नाव दिलं होतं उत्तम.

आणि इंग्रजीतला हा शेवटी बसणारा 'आय' दिसायला मात्र सगळ्यांत उंच. वाक्यात कुठेही येवो, मोठ्या लिपीतच. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे, ते म्हणत, यात त्या लोकांचा गर्व दिसतो. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटे. मग वाचनातून कळलं की गोष्ट गर्वाची नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'इच्' असा होता. शतकं गेली, शेवटचं व्यंजन झिजून गळून पडलं, उरली एकटी रेघ. हातानं लिहिलेल्या दाट पानावर ती एवढीशी रेघ शेजारच्या अक्षरात मिसळून हरवायची. म्हणून नकलाकारांनी तिला ताणून उंच केलं. हे कळल्यापासून मला तो 'आय' गर्दीत हरवू नये म्हणून टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या पोरासारखा दिसतो.

इंग्रजीतल्या 'आय' आणि 'मी'चं दुसरं दुखणं वेगळंच आहे. मुलांच्या डोक्यात 'सुमी अँड आय' असं इतकं ठासून बसवलं जातं की मग 'आईनं सुमीला आणि मला लाडू दिला' म्हणतानाही ती 'टू सुमी अँड आय' म्हणून मोकळी होतात. तिथं 'मी' हवं, इंग्रजीतलं 'मी', म्हणजे आपलं 'मला'. चूक जुनी आहे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओ मित्राला पत्र लिहितो त्यात 'बिट्वीन यू अँड आय' आहे, आणि आजचे मास्तर त्यावर नक्की लाल गोल काढतील. ओळखायची युक्ती सोपी आहे, शेजारचं माणूस क्षणभर वाक्यातून बाजूला करायचं. सुमीला काढलं तर 'आई गेव्ह आय' असं कुणाच्याही तोंडून निघणार नाही. मराठीत ही वेळच येत नाही, कारण आपण प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा प्रत्यय देतो. सुमीला आणि मला. सुमीकडं आणि माझ्याकडं. एकाच ताटातला घास, पण दोघांना वेगवेगळा वाढलेला.

सर्वनाम म्हणजे नामाऐवजी येणारा शब्द, हे पाठ करताना मला नेहमी माझी आजी आठवायची, आणि व्याख्या अडायची. इंग्रजी व्याकरणात तर नियम आहे की सर्वनाम ज्या नामासाठी आलं ते नाम वाचणाऱ्याला आधी कळलेलं असलं पाहिजे. आजीनं आजोबांचं नाव आयुष्यात उखाण्यापलीकडे घेतलं नाही. "हे आले." "यांना ताक दे." "यांची पडशी कुठंय?" 'हे' हाच शब्द, आधी नाम नाही, मागून नाम नाही. घरात तीन पुरुष बसलेले असले तरी 'हे' म्हणजे कोण याबद्दल कुणाचा घोटाळा झाला नाही. आजोबा गेल्यावरही 'हे' तसेच राहिले, "यांना कारल्याची भाजी आवडायची." लहानपणी मला त्या शब्दात नुसती माया ऐकू यायची. पुढे बाई म्हणून जगताना त्यात घातलेलं बंधनही ऐकू यायला लागलं. नाव घ्यायची मुभाच नव्हती, आणि तिनं त्या बंद दाराच्या फटीतून केवढा जिव्हाळा आत आणला होता. दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक निवडता येत नाही.

इंग्रजीत तू नाही, तुम्ही नाही, आपण नाही, सगळ्यांना एकच 'यू'. पूर्वी त्यांच्याकडेही 'दाउ' होता, आपल्या 'तू'सारखा. सतराव्या शतकातले क्वेकर पंथाचे लोक न्यायाधीशालाही 'तू'च म्हणत, माणसामाणसांत उच्चनीच मानायचं नाही म्हणून, आणि त्यावरून रोष ओढवून घेत. पुढे बोलण्यातून 'दाउ' गेला आणि राहिला आदराचा 'यू'. आमच्याकडे आईला तू, विठ्ठलाला तू, आणि वडिलांना माझ्या पिढीपर्यंत तुम्ही. माझी नात तिच्या वडिलांना 'ए बाबा' म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानाला खटकलं होतं. आता ते दोघं जेवताना गप्पा मारतात तेव्हा मी ऐकत बसते.

पण इंग्रजीत मला सर्वांत जास्त चुकल्यासारखं होतं ते 'वी'पाशी. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही निघालो' म्हटलं की समोरचा माणूस दारात उभा राहतो, 'आपण निघालो' म्हटलं की तोही चप्पल घालतो. लेकीचं लग्न झालं, आणि आठवड्यानं तिचा फोन आला. "आई, आम्ही फ्रिज घेतला." मी म्हणाले, "बरं झालं गं." बोलणं संपलं, फोन ठेवला, आणि कितीतरी वेळ हात तिथंच राहिला. सत्तावीस वर्षं आमच्या घरात जे काही यायचं ते 'आपण' घेतलेलं असायचं. शब्द बरोबर होता. तिनं तोच वापरायला हवा होता. इंग्रजीत बोलली असती तर 'वी' म्हणाली असती, आणि मला काही कळलंच नसतं. न कळणं बरं झालं असतं की काय, याचा मी अजून निर्णय केलेला नाही.

वाचनालयात पावसाळ्यात रोज एखादी छत्री मागे राहायची. 'कुणाची तरी छत्री राहिलीय' म्हटलं की मराठीत काम भागतं, त्या 'कुणाची'मध्ये बाई-पुरुष काही ठरवावं लागत नाही. इंग्रजीत त्या जागी लोक 'देअर' म्हणतात, एका अनोळखी माणसासाठी अनेकवचन. जुन्या मास्तरांना ते अशुद्ध वाटतं, पण हा वापर चौदाव्या शतकापासून लेखी सापडतो. आपणही वडिलांना एकटे असून 'ते आले' म्हणतोच. मला खुपतं ते दुसरंच. आपल्या देशातल्या १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये तेरावं कलम आहे, पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात. कायद्याची सोय म्हणून ते समजतं. पण सभासदत्वाच्या अर्जावर 'सभासदाने त्याचा पत्ता' असं छापलेलं असायचं, आणि तो अर्ज भरणाऱ्या एखाद्या नव्या सुनेला मी पेन द्यायची, तेव्हा दर वेळी वाटायचं, ही आत्ता स्वतःला या 'त्याचा'मध्ये धरते आहे का?

आता हजेरी.

माझं माहेरचं आडनाव 'श'वरचं. त्यामुळे शाळेत माझा नंबर कायम शेवटच्या पाचांत. खाऊ वाटताना माझ्यापर्यंत येईतो डब्यात चुरा उरायचा, पण तोंडी परीक्षेला प्रश्न ऐकून ऐकून पाठ झालेले असायचे. लग्न झालं आणि आडनाव 'अ'वर आलं. पगारपत्रकात एका महिन्यात मी तळातून माथ्यावर गेले. काम तेच, टेबल तेच, खिडकीबाहेरचा अजिंक्यताराही तोच. पहिल्या महिन्यात सही करायला गेले तर बोट सवयीनं खाली खाली जात राहिलं, आणि कारकून म्हणाले, "बाई, तुम्ही वर आहात." पुरुष जन्मभर एका अक्षरावर राहतात. आमचं अक्षर एका दुपारी बदलतं, आणि रांगेतली जागाही. आता नातीला ते वरचं आडनाव जन्मानं मिळालं आहे. लस टोचायला पहिली तीच, धडा वाचायला पहिली तीच. तिच्या वर्गातली तिची जिवाभावाची मैत्रीण 'झ'ची. मराठी यादी असती तर ती वरच्या भागात आली असती, 'झ' आपल्या व्यंजनांत नववा. पण शाळेची यादी इंग्रजी, तिथं ती 'झेड', म्हणजे अगदी शेवटी. दोघी वर्गाची दोन टोकं.

अकारविल्हे हा शब्द मला फार आवडतो. कशाची तरी विल्हेवाट लावणं म्हणजे हल्ली टाकून देणं झालं आहे, पण मुळात ते जागच्या जागी लावणं. आमच्याकडे कार्डांची दोन कपाटं होती, एक मराठी, एक इंग्रजी. लांबट खण, प्रत्येक खणात पितळी सळई, सळईत ओवलेली कार्डं. हजारो बोटांनी कडा मऊ झालेल्या. 'क'च्या आणि 'म'च्या खणांच्या कडा काळ्या पडलेल्या, 'ठ'चा खण जवळजवळ नवा. मराठी कपाटातला क्रम मला तोंडातून कळायचा. क म्हणताना घसा, च म्हणताना टाळू, ट म्हणताना जीभ वर वळते, त ला दातांवर येते, प ला ओठ मिटतात. वर्णमाला म्हणजे घशापासून ओठापर्यंतचा रस्ताच. अडचणी होत्या. 'ज्ञ' तक्त्यावर शेवटी, पण फोड केली तर ज आणि ञ, मग 'ज्ञानेश्वर' हुडकणाऱ्यानं 'ज'च्या खणात पाहायचं की 'ह'च्या पुढे? आम्ही शेवटी ठेवलं होतं, आणि 'ज'च्या खणात एक कोरं कार्ड घालून त्यावर 'पुढे पाहा' असं लिहिलं होतं. मग संगणक आला. त्यानं 'ज्ञ' उचलून 'ज'च्या पोटात घातला.

इंग्रजी कपाटात तोंडाचा काही आधार नव्हता. बी नंतर सी का, एम नंतर एन का, याला कारण नाही, फक्त वहिवाट. तिथं नियम शिकावे लागले. नावाच्या आरंभीचा 'द' धरायचा नाही. आणि मला सगळ्यांत आवडलेला नियम असा की, मोकळी जागा अक्षराच्या आधी. 'न्यू यॉर्क' हे 'न्यूजपेपर'च्या आधी, कारण 'न्यू'नंतर तिथं काहीच नाही, आणि काहीच नसलेलं पहिलं. थोरल्या बाईंनी हे शिकवलं तेव्हा मी दोन्ही कार्डं हातात धरून उभीच राहिले होते.

जुने कोश असे लावलेले नसत. अमरकोश उघडला तर आरंभी स्वर्गवर्ग, देव आधी. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी केलेल्या राज्यव्यवहारकोशात पहिला राजवर्ग आणि शेवटचा पण्यवर्ग, म्हणजे राजा आधी आणि बाजार शेवटी. तिकडे इंग्लंडमध्ये १६०४ साली रॉबर्ट कॉड्री नावाच्या शिक्षकानं इंग्रजीचा अक्षरक्रमानं लावलेला छोटा कोश काढला, तेव्हा त्याला वाचकांना समजावून सांगावं लागलं की शब्द 'ए'चा असेल तर आरंभी पाहा आणि 'व्ही'चा असेल तर शेवटाकडे. अक्षरक्रम हा मोठा समतेचा शोध आहे असं मला कार्डं लावताना नेहमी वाटे. त्यात अमीर-गरीब, थोर-धाकटा काही नाही. अडत्या राजाच्या आधी येतो. आणि तरी ज्याचं अक्षर शेवटचं त्याला चुराच मिळतो, हेही मी खाल्लेलं आहे.

शनिवारी संध्याकाळी नातीला हाक मारली. म्हटलं, वही आण, मला त्या दिवशी नीट सांगता आलं नव्हतं. ती आली, जरा सावधपणे. मी कागदावर मोठा 'ए' काढला आणि कागद उलटा फिरवला. "काय दिसतंय?" तिनं मान वाकडी करून पाहिलं आणि ओरडली, "शिंगं!" मग सांगितलं की समुद्राकाठच्या फार जुन्या लोकांनी हे अक्षर बैलाच्या डोक्यावरून घेतलं, त्याचं नावच बैल होतं, आणि दुसऱ्या अक्षराचं नाव घर. सीरियात उगारित नावाच्या गावी मातीची एक पाटी सापडली, सव्वातीन हजार वर्षांहून जुनी, तिच्यावर तीस अक्षरं ओळीनं टोचलेली आहेत आणि बैल तिथंही पहिलाच. बैल पहिला का, याचं कारण मलाही सांगता येत नाही, असं तिला सरळ म्हटलं. आणि 'झेड'चं सांगितलं. की ते अक्षर मुळात सातव्या जागी होतं, रोमन लोकांना त्याची गरज वाटेना म्हणून त्यांनी ते काढून टाकलं आणि तिथं 'जी' बसवला. पुढे ग्रीक शब्द लिहायला ते परत हवं झालं, तोवर जागा भरलेली, म्हणून ते शेवटी उभं राहिलं. ती एकदम उठून बसली. "म्हणजे ती आधी सातवी होती? सोमवारी सांगते तिला."

वाक्याचंही सांगितलं. तुझं वाक्य चूक नव्हतं, म्हटलं, पण त्या भाषेत दुसऱ्याला आधी पुढे करायची रीत आहे, ती चांगली रीत आहे, म्हणून तसं लिही. आणि काही फुटलं-सांडलं तर मात्र आपलं नाव आधी. "का?" तिनं विचारलं. तेव्हा लोणच्याच्या बरणीची गोष्ट सांगितली. तेल, राख, तेलकट कोपर, सगळं. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती, आईलाही नाही. ती ऐकून गप्प बसली, मग माझ्या कोपरावर बोट फिरवून पाहिलं. वहीत खाली वाक्य पुन्हा लिहिलं, 'माय ग्रँडमदर अँड आय', आणि वरच्या लाल गोलातल्या 'आय'ला पेन्सिलीनं दोन शिंगं काढली.

मग पेन्सिल कानावर अडकवून म्हणाली, "आजी, उद्या आपण मंडईत जायचं ना?"

पिशवी खुंटीवर होती. ती काढून मी तिच्या हातात दिली.